भरतीची पाटी

बंदर विश्रांतिगृह, भिवंडी
१६ जून १९९१

ती. विद्युताईस,

सरोजचा नमस्कार. वाकून केलेला आहे असं समज, गुडघा कुरकुरत असला तरी. भाऊजींचा दमा आता कसा आहे? बडोद्याला यंदा आंबे महाग होते असं ऐकलं; इथेही तीच रड. माझं बरं चाललंय. तुझं पत्र नाही, माझंही गेलं नाही, तेव्हा दोघींचंही बरंच चाललं असणार असं मी धरून चालले आहे.

गेल्या गणपतीतला विषय मी काढत नाही. हे पत्र कामाचं आहे.

कॉलेजचा रौप्यमहोत्सव आलाय. स्मरणिका निघणार, आणि नव्या प्राचार्यांनी आपल्या विश्रांतिगृहाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. "सरोजिनीबाई, तुमचा तर जन्मच इथला," म्हणाले. जशी काही मी पाळण्यातच टिपणं काढत होते! ज्या गोष्टी अण्णा सांगायचे त्या तू कान देऊन ऐकायचीस, मी त्या वेळी मांजरामागे धावत असायचे. म्हणून कच्चं लिहिलेलं तुला उतरवून पाठवते. चुका काढ. ते तुला आवडतंही.

"कै. दत्तोपंत यांनी ही दुमजली वास्तू बंदरालगत बांधली. खाली खानावळ व वर उतारूंच्या खोल्या होत्या. ठाणे, वसईकडून येणारे मचवे भरतीच्या पाण्यावर बंदराला लागत. एकदा एक मचवा ओहोटीमुळे खाडीकाठच्या कोन गावासमोर गाळात रुतून बसला. उतारू दिवसभर उपाशी राहिले आणि भरतीबरोबर येथे पोचले तेव्हा चूल विझलेली होती. दत्तोपंतांना वाईट वाटले. तेव्हापासून येथील जेवणाची वेळ घड्याळावर न ठेवता पाण्यावर ठेवण्यात आली. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, तशी पंगतही सरके. निपुत्रिक दत्तोपंतांनी पुढे ही वास्तू कॉलेजला दिली, ती 'भरतीच्या वेळी चूल पेटलेली असावी' या अटीवर."

कसं वाटतंय? वाचायला गोड आहे. निभवायला किती गोड होतं ते अण्णांना विचारायला हवं होतं, आणि आता त्यांच्या जागी खानावळ चालवणाऱ्या मला. मचवे बंद झाले, खाडी गाळाने भरली, एस.टी. दारापर्यंत आली, वरच्या खोल्यांत भाताच्या व्यापाऱ्यांच्या जागी सुरतेचे कापडवाले उतरायला लागले, तरी आपली पंगत पाण्यावरच. अष्टमीला भरती सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे दुपारी चूल थंड. कॉलेजची मुलं भजी खाऊन लेक्चरला बसायची आणि मला मनातल्या मनात शिव्या घालायची. लूमवरची माणसं शिफ्ट सुटली की रस्त्यातूनच ओरडायची, "बाई, आज खाना कितने बजे?" मी नुसतं दारातल्या काळ्या पाटीकडे बोट दाखवायची.

त्या पाटीवर वेळ लिहायचा मान कोनच्या बाळाराम तांडेलांचा होता. मचवे त्यांच्याच हुकमाने चालायचे. त्यांच्यामागे तो मान मुलाकडे, केसरीनाथांकडे आला. रोज सकाळी ते कोनहून आपल्या एम-एटी गाडीवर यायचे, आधी खाडीवर जाऊन पाणी बघायचे, मग येऊन खडूने वेळ लिहायचे आणि चहा घ्यायचे. पौर्णिमेला आपल्याकडून त्यांना नारळ. पैसा त्यांच्या वडिलांनी घेतला नाही आणि केसरीनाथांनीही नाही. घरची भातशेती आहे, दोन भाचे गोदामवाले झालेत, त्यांना आपल्या चहाची काय पडलीय? तरी पावसात भिजत यायचे. खडू ओला होऊ नये म्हणून टोपीखाली ठेवायचे.

हे सगळं मी 'यायचे, लिहायचे' असं लिहितेय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. यंदा सुट्टीनंतर कॉलेज उघडल्यापासून पाटी रंगवून घेतली आहे. पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय, 'जेवण १२ ते २'. मचवेच नाहीत तर अटही उरत नाही, असं ट्रस्टच्या वकिलांचं मत पडलं. खरं सांगायचं तर प्राचार्यांचं काही चुकलेलं नाही. मुलं खूश आहेत. आचारी महादू तर इतका खूश आहे की दुपारी घोरतो. मीही मान डोलावली.

केसरीनाथ पहिल्या दिवशी आले होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांनी टोपी काढली, खडू हातात घेतला, पाटीकडे बघितलं आणि खडू परत टोपीत ठेवला. चहा उभ्यानेच घेतला. "बरं झालं, तुमची दगदग वाचली," म्हणाले आणि गेले. त्यानंतर केसरीनाथ आले नाहीत.

बाकी सगळं ठीक आहे. रुतलेल्या मचव्याची गोष्ट बरोबर आहे का, तेवढं कळव.

तुझी,
सरोज


बंदर विश्रांतिगृह, भिवंडी
१९ जुलै १९९१

ती. विद्युताईस,

नमस्कार, आणि या वेळी गुडघा खरोखर टेकून. तुझं कार्ड मिळालं.

त्या रुतलेल्या मचव्यात दत्तोपंतांचे सासरे होते, हे मला या वयात कळावं ना! आणि उपाशी सासऱ्यांनी या ओसरीवर उभं राहून जावयाला जे ऐकवलं ते अण्णा फक्त तुलाच सांगायचे, तेही हळू आवाजात. मी एकटीच कितीतरी वेळ हसले. म्हणजे आपल्या थोर परंपरेत दानधर्म थोडा आणि सासऱ्यांचा धाक जास्त. प्राचार्यांना वाचून दाखवलं तर त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "स्मरणिकेत 'एक ज्येष्ठ प्रवासी' असं घालू या," म्हणाले. घालू दे.

पण कार्डाच्या तळाशी, पत्त्याला चिकटून, तू जे बारीक अक्षरात लिहिलंस, "त्या माणसाचं नाव एका पत्रात किती वेळा लिहायचं गं?", ते वाचून मात्र मी कार्ड पालथं घातलं. पोस्टमनने वाचलं असणार. वाचू दे. आता लपवून काय उपयोग?

ताई, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. वर खाडीत पाणी चढायला थोडा उशीर होतो, तो मिळवायचा. कोकणात शेंबडं पोरही हे सांगेल. अण्णांच्या जागी मी आले त्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं होतं. घरात कालनिर्णय टांगलेलं, हिशोब तोंडी करता येणारा. केसरीनाथांनी रोज कोनहून यायचं काही कारणच नव्हतं. तरी रोज सकाळी मी त्यांना विचारायची, "आज पाणी कधी?" आणि ते सांगायचे. इतकी वर्षं मी माहीत असलेली गोष्ट विचारत आले. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पाटी रंगवली आणि सकाळी विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हा कळलं. मला जेवण जाईना. म्हणजे जायचं, पण चव लागायची नाही. महादूवर उगीच खेकसले, बिचारा त्या दिवशी झोपलासुद्धा नव्हता.

शेवटी एका रविवारी रिक्षा करून कोनला गेले. रिक्षात बसताना ठरवलं होतं की स्मरणिकेसाठी त्यांच्या वडिलांचा फोटो मागायचा. बहाणा चांगला होता.

केसरीनाथांची थोरली बहीण आक्का अंगणात मासळीच्या टोपलीशी बसली होती. ती विधवा झाली तेव्हापासून त्यांच्याकडेच असते. केसरीनाथांची बायको गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला बघून आक्का उठली नाही. "बस गो बाय," म्हणाली. "केसरी भाताच्या आवनाला गेलाय. येल आता. तुजी वाट बगून बगून तोंड उतरलंय त्याचं."

मी म्हटलं, "माझी कशाला वाट बघतील?"

"त्ये मना नको इचारू. त्याला इचार."

ते चिखलाचे पाय धुऊन आले. मी फोटो मागितला. त्यांनी भिंतीवरून काढून दिला. आक्का काही हलेना. तेव्हा मी एकदम म्हणून टाकलं, "केसरीनाथ, तिथीची पाऊणपट मला येते. आधीपासून येते."

ते हसले. "माहीत हाय मला."

"कसं काय?"

"एकदा माझी गाडी पंक्चर झाली, मला उशीर झाला. मी आलो तवा पाटीवर तुम्ही टाइम लिवला व्हता. बरोबर व्हता. मला बघून तुम्ही फडक्यानं पुसला आन् इचारलं, आज पाणी कदी?"

मला धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. "मग तरी रोज कशाला येत होता?"

"तुम्ही इचारायच्या म्हणून," म्हणाले.

एवढंच. आक्का टोपली उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली की च्या ठेवते. ताई, मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि परक्याच्या ओसरीवर बसून लहान पोरीसारखी रडले. ते शेजारी बसून राहिले. मग मीच लग्नाचं विचारलं. त्यांनी विचारलं असतं तर माझ्या भल्यासाठी 'लोक काय म्हणतील' ते आधी सांगत बसले असते.

आता ते दुपारी बाराला येतात, खिडकीवर कूपन घेतात आणि मुलांच्या पंगतीत बसून जेवतात. मालकाच्या ऐटीत नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. महादू त्यांना जास्त वाढतो, ते परत काढायला लावतात. सगळं कॉलेज बघतं. मलाही बघतं. बघू दे.

लग्न ऑगस्टच्या तेवीस तारखेला ठाण्याला, रजिस्ट्रारच्या कचेरीत. नोटीस दिली आहे. हार दोन, पेढे आणि इथे जेवण, बस. हे मी तुला आधीच्या पत्रात सांगितलं नाही कारण तेव्हा ठरलं नव्हतं. पण ठरलं असतं तरी सांगितलं नसतं, हेही खरं.

आता गणपतीतला विषय काढते. केसरीनाथ इथे प्रसादाला आले होते. तू त्यांना चहा दिलास, पण बाहेरच्या ओट्यावर, आणि कप वेगळा. ते ओट्यावर बसून प्यायले, कप विसळून पालथा ठेवला आणि तुला नमस्कार करून गेले. तुझ्या मनात पाप नव्हतं, आपल्या घरात जे चालायचं तेच तू केलंस, हे मला समजतं. पण मला फार लागलं. मी तुला स्टेशनवर सोडायला आले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. तुझ्याशी भांडता येत नाही मला, कधीच आलं नाही, म्हणून गप्प बसले, आणि ते गप्प बसणं वर्षभर पुरलं.

त्यांनी तो कप मनात धरलेला नाही. परवा म्हणाले, "ताईंना पत्र लिवा, आधी त्यांना कळू द्या." मी म्हटलं, ती येणार नाही. म्हणाले, "नाय आल्या तर नाय आल्या, पण बलावायचं काम आपलं."

म्हणून बोलावते. तू नाही आलीस तरी लग्न होईल, हे आत्ताच स्पष्ट सांगते. तुझा नकार आल्यावर सांगितलं तर तुला धमकी वाटेल. भाऊजींना प्रवास झेपत नसेल तर तू एकटी ये. सोवळं-ओवळं, जात, लोक, जे बोलायचं असेल ते येऊन तोंडावर बोल. मी या वेळी डोकं दुखतंय म्हणणार नाही.

आणखी एक. कचेरीत तीन साक्षीदार लागतात. एक आक्का, एक महादू. प्राचार्य स्वतःहून म्हणाले, "मी येतो की," आणि मी त्यांना नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल. पण आई गेली तेव्हा तू फ्रॉकातली होतीस आणि मी कडेवरची. अण्णा कायम पंगतीत गुंतलेले. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या चिठ्ठीवर, कॉलेजच्या अर्जावरसुद्धा पालकाच्या जागी तूच सही करायचीस, अण्णांचं नाव घालून. तिसरी सही तुझी आहे. तू आली नाहीस तर रस्त्यावरून कुणी अनोळखी माणूस हाताला धरून आत नेईन. तुझ्या जागी ओळखीचं कुणी उभं करणार नाही.

तुझी, लेक मानलंस तर लेक, नाहीतर बहीण,
सरोज