पडवीतली पंगत

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलोय. तुम्ही वर्गात जुनं काव्य शिकवत होता. भर दरबारात अन्याय होतो आणि राजाचा वृद्ध मंत्री मान खाली घालून बसतो, त्या घरचं अन्न खाल्लंय म्हणून. आम्ही पोरं राजाला शिव्या घालत होतो. तुम्ही म्हणालात, "राजाचं सोडा रं. त्या दरबारात तुम्ही कुठं बसला असता, ते सांगा." मी ताडकन उठलो. "मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकलो असतो." तुम्ही विचारलंत, "त्या घरी जेवलायस का कधी?" "न्हाय." "मग बस खाली. जेवल्यावर सांग." वर्ग हसला. त्या हशाचा राग मी पुढं प्रत्येक सभेत वापरला.

आता मी जेवलोय, गुरुजी. महाराजांच्या पाठिंब्यानं कोल्हापुरात मुलांसाठी वसतिगृहं निघाली, त्यातलं एक माझे सासरे चालवतात. उद्या तिथं त्यांचा सत्कार आहे, मुख्य भाषण माझं, मग पंगत. परवा सहज डोकावलो. आत पाट रिकामे आहेत आणि अस्पृश्य म्हणवली जाणारी मुलं बाहेर पडवीत, मोरीच्या कडेला जेवतायत. मी विचारलं तर सासरे हसून म्हणाले, "पावणं, समता तुमच्या भाषणात असू द्या की. सैपाकघर आमच्याकडं ठेवा."

तेव्हापासून भाषण लिहितोय आणि फाडतोय. बोललो तर बायकोचं माहेर तुटेल. शेवटी तिलाच सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बोला की. माझं माहेर माझं मी बघीन. पण बोलून झाल्यावर माझ्या आबांच्याच शेजारी जेवायला बसणार असला, तर नगं." तुम्हीही कुठं बसशील एवढंच विचारलं होतं. मी इतकी वर्षं काय बोलशील याचंच उत्तर देत फिरलो.

उद्या सासऱ्यांच्या शेजारचा पाट माझ्यासाठी मांडलेला असेल. मी ताट उचलून पडवीत जाऊन बसणार आहे. पण हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून सांगतो. आज दुपारीही मी त्यांच्याच घरी जेवलो, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.