पंचवीस खंडी भात

मास्तर,

अब्र्याचं, खाडीतल्या त्या उतारू होडीचं, वल्हं पाण्यात पडताना आधी एक तुटक ठोका यायचा, मागून दोन लांब कुरकुरी. लघु, गुरु, गुरु. त्या अरबी शहराची खाडी ओलांडून पलीकडच्या देऱ्यातल्या तुमच्या खोलीकडं येताना मी त्यात भुजंगप्रयात ऐकायचो. तुम्ही आठवडाभर बंदरावरच्या कचेरीत कारकून आणि शुक्रवारी दुपारी आमचे मास्तर. साठ सालानंतरची ती वर्षं. बाहेरून मॅट्रिकला बसायचं म्हणून रत्नागिरीकडचे आम्ही दहा-बारा बाप्ये चटयांवर: शिंपी, आचारी, गोदामवाले.

त्या शुक्रवारी प्राचीन ग्रीस होतं. अथेन्समध्ये माणसाची पायरी शेतातल्या धान्याच्या मापांवर ठरायची, असं सांगून तुम्ही चार चटया पसरता. पाचशे मापंवाले पहिलीवर, घोडा बाळगणारे दुसरीवर, बैलजोडीवाले तिसरीवर, मजुरीवाले शेवटी. "घरी भात किती पिकतं ते सांगा आणि बसा." हसतखिदळत सगळे बसतात. माझे अब्बा खलाशी, आमचं वाफ्याएवढं शेत नाही. मी म्हणतो, पंचवीस खंडी. आणि घोडेवाल्यांत बसतो. माझ्याच मोहल्ल्यातला आचारी शेवटच्या चटईवरून नुसतं बघतो, दाढी खाजवतो.

मग तुम्ही बाहेरून आलेल्यांचं सांगितलंत. बंदरातली उलाढाल, कारागिरी पुष्कळशी त्यांच्या हातची, पण जमीन घ्यायची नाही, मत द्यायचं नाही, आणि राहायला एका नागरिकाची हमी. "म्हणजे आपणच की मास्तर," शिंपी म्हणाला, "त्यांनाही हमी देणारा अरबाब होताच." तुम्हीसुद्धा हसलात. मग गुलामांकडं आलात. चांदी त्यांनी खाणीतून काढली, शहर तिच्यावर वाढलं. "त्यांना चटईच नाही," म्हणालात.

शेवटी तुम्ही विचारलंत, त्या शहराची सत्ता समुद्रावर, मग जहाजं वल्हवली कुणी? शेवटच्या चटईनं. ज्यांच्या घरात वल्हं आहे त्यांनी उभं राहा, म्हणालात. आचारी उठला, आणखी दोघं उठले, आणि तुम्ही त्यांना आपल्या हातानं चहा ओतून दिलात. अब्बांच्या तळव्यावरचे घट्टे मला डोळ्यांपुढं दिसत होते. मी घोड्यावरच बसून राहिलो. परतताना आचाऱ्यानं विचारलं, "घोडा बांधलास कुठं?" पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी सांगू म्हणता म्हणता मी पास झालो. तुम्ही शिफारसपत्र दिलंत: सधन शेतकरी घरातला, विश्वासू. त्या कागदावर मला नोकरी लागली, तिच्यावर घर उभं राहिलं. खोटं माझं, खाली सही तुमची. सांगायला आलो तर तापानं तुम्ही गेलेले होतात.

आता मी इथंच अल नहदा वस्तीतल्या एका इमारतीत सोळाव्या मजल्यावर मुलाकडं राहतो. सकाळी नात ग्रीसचाच धडा वाचत होती. "दादा, व्हिच क्लास वेअर वी?" मी म्हणालो, जमीनवाले. जीभ आपसूक वळली, मास्तर. म्हणून हे लिहायला घेतलं. टाकायचं कुठं ते ठाऊक नाही.

इथवर आलो आणि बेल वाजली. दारात लिफ्ट दुरुस्त करणारा, मजला चुकलेला. पाणी मागितलं. नातीनं आणून दिलं. माझ्या दोन वाक्यांवरून त्यानं गाव ओळखलं, आपल्याकडच्या रीतीनं विचारलं, "चाचा, घरचं काय होतं? शेती?"

नात सांगायला पुढं झाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "नाही. माझा बाप खलाशी होता. शेत नव्हतं."

ती वळून बघत राहिली. त्यानं ग्लास खाली ठेवला. "कुठल्या गलबतावर?" त्यानं विचारलं.

मी त्याला आत बोलावलंय.