अंबाडीच्या आडोशाला

घोडेगाव, ता. नेवासा
कोजागिरीचा आदला दिवस, १९७२

तीर्थरूप काकासाहेब दाजी यांच्या पायांशी धाकटा मेव्हणा सहादेव याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचं कारण भयंकर आहे, पण आधी रीत. आपली तब्येत कशी आहे? दमा उचल खात नाही ना? अक्काच्या गुडघ्यांना आराम आहे का? सावेडीच्या प्लॉटला आपण कुंपण घातल्याचं कळलं, आनंद झाला (त्या प्लॉटवर आमचाही जीव आहे). इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. एरवी पाऊस रुसला, बाजरी जागेवर जळाली, विहिरीत बादली टाकली तर खडखडाट ऐकू येतो, आणि कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

चैत्रात आपण आमच्या पारावर व्याख्यान दिलं होतं. अर्धं व्यसनमुक्तीवर आणि अर्धं जमिनीवर. पहिल्या अर्ध्यात बाबा मान खाली घालून हसत होते (मी म्हटलं, जावयाचं कौतुक वाटत असेल). दुसऱ्या अर्ध्यात आपण सांगितलंत की जमीन उघडी ठेवू नका, तिला पाल्यापाचोळ्याचं पांघरूण घाला, ओल टिकेल, गांडूळ वर येईल. बाबांनी ते फार मनावर घेतलं. ज्या माणसानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तो पंच्याहत्तरीचा म्हातारा उसाचं पाचट गाडीनं आणू लागला, लिंबाचा पाला झाडून गोळा करू लागला. गावात लोक म्हणाले, जनावरांच्या तोंडचा घास काढून म्हातारा मातीला चारतोय. मला मात्र अभिमान वाटला. सगळं पाचट त्यांनी विहिरीमागच्या एकाच कोपऱ्यात पसरलं, अंबाडीच्या तासांत. आपल्याकडे बाजरीच्या कडेनं अंबाडी असतेच, पाल्याची भाजी होते आणि वाखाचे दोर होतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग पावसानं दगा दिला. सगळं शिवार भाजून निघालं आणि विहिरीमागचा तेवढा कोपरा हिरवागार राहिला. पाचट उचललं की खाली माती ओली, हात लावला तर गार. मी हरखून गेलो. येईल त्याला हाताला धरून तो कोपरा दाखवायला नेऊ लागलो. तलाठी आले, त्यांना नेलं. सोसायटीचे चेअरमन आले, त्यांना नेलं. घोडेगावच्या बाजारात बैल घेऊन आलेल्या परगावच्या लोकांनाही नेलं. प्रत्येकाला म्हणायचो, बघा, ही आमच्या दाजींची शिकवण. बाबा मात्र माझ्यावर डाफरायचे. कोपऱ्याला त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्यांचं मातीवर किती प्रेम आहे, असं मला वाटलं. (ज्या बाबांनी विडीचा वास आला म्हणून मला, लग्न झालेल्या माणसाला, बायकोसमोर कासऱ्यानं झोडपलं होतं, त्यांच्याविषयी दुसरं काय वाटणार?)

आता आमच्या चांगुणाचं. आपली भाची किती हट्टी आहे ते आपण जाणताच. तीन स्थळं तिनं नाकारली. चौथं पाथर्डीकडच्या मच्छिंद्ररावांच्या मुलाचं, गोरक्षनाथचं. मुलगा नगरला पोलिसात लागलाय, भाड्याच्या खोलीत राहतो. त्याला तिनं दाराआडून पाहिलं आणि आईला सांगितलं, हाच, नाहीतर कुणीच नाही. पण मच्छिंद्रराव म्हणजे कातळ. हुंड्याच्या बोलणीत दोन मुलीवाल्यांना त्यांनी रडवून परत पाठवलेलं. या दुष्काळात मी कुठून काय देणार होतो? हे स्थळ हातचं गेलं तर पोरगी आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला दिसत होतं.

परवा गुरुवारी मंडळी बोलणीला आली. घरात हिरवी काडी नव्हती. पाहुण्यांपुढे नुसतं पिठलं कसं ठेवायचं, म्हणून चांगुणाच्या आईनं, छबूबाईनं, काटे बाजूला सारून बाबांच्या कोपऱ्यातली अंबाडी लुगड्याचा ओटा भरभरून खुडून आणली. (बाबा त्या दिवशी नेवाशाला गेले होते.) कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन टोपभर भाजी केली. यंदा अंबाडी आंबट कमी आणि कडसर जास्त आहे, असं ती म्हणाली होती. दुष्काळानं पिकाची चवही बदलते, असं मी तिला समजावून सांगितलं.

पंगत उठली आणि थोड्या वेळानं नवल घडू लागलं. तो करारी मच्छिंद्रराव मला एकदम देवमाणूस दिसू लागला. त्याच्या मिशांतसुद्धा माया दिसत होती. त्यांच्याकडची दोन म्हातारी माणसं भिंतीला टेकली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाहीत. घर हलकं झालं होतं. दारातला बैल माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहत होता. हसणं तर असं चाललं होतं की थांबेना. आणि त्या आनंदात मच्छिंद्रराव म्हणाले, "हुंडा न्हाई घ्यायचा आमाला. पोरगी आन् नारळ द्या." मला रडू कोसळलं. चांगुणा आत चुलीपाशी रडत होती, असं छबूबाई म्हणते.

काल सकाळी बाबा नेवाशाहून आले, थेट विहिरीमागे गेले आणि तिथून त्यांची हाक आली. मी धावलो. नुसते दांडे उभे होते आणि बाबा बांधावर बसकण मारून बसले होते. बाजरी जळाली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, अंबाडीच ती, पुन्हा फुटेल.

"आरं, अंबाडी न्हाई ती," बाबा म्हणाले. "अंबाडी कडंला हाय. आत गांजा हाय. आन् तुमी त्याची भाजी केली?"

दाजी, मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. दोन्हींची पानं सारखीच बोटं पसरलेली, म्हणून फौजदार बांधावरून गेला तरी ओळखणार नाही, असं बाबा मला शांतपणे सांगत होते. मला तलाठी आठवले. मी त्यांना ते पान चोळून वास घ्यायला लावला होता. माझा बाप, ज्याच्या नुसत्या खोकल्यानं गावातली तरणी पोरं विड्या विझवतात, तो माझ्या नाकासमोर गांजा पिकवत होता, आणि मी गावभर त्याची दवंडी पिटत होतो. आणि पोलिसात असलेल्या जावयाच्या बापाला मी गांजा चारून हुंडा माफ करून घेतला, हे उद्या उघड झालं तर? मच्छिंद्ररावांनी शुद्धीवर येऊन शब्द फिरवला तर? साखरपुडा येत्या गुरुवारी आहे. आमच्या घराण्यात शहाणे आणि निर्व्यसनी आपण एकटेच, म्हणून आपल्या पायांशी हे ओझं उतरवलं. मार्ग सांगावा. लहानांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सहादेव

ता. क. पत्र छबूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मच्छिंद्ररावांचा गुरुवारचा उपास होता, त्यांनी भाजीला बोटसुद्धा लावलं नाही, शेंगदाणे आणि ताक घेऊन बसले होते. मुलानंही लाजून नुसती भाकरी मोडली. भाजी त्या दोन म्हाताऱ्यांनी थोडी आणि उरलेली सगळी मी खाल्ली. हसत होतो तो मी एकटाच. म्हणजे हुंडा नको, हा शब्द त्यांनी शुद्धीवर राहून दिला. मला फार बरं वाटलं.

ता. क. दुसरं. तो शब्द त्यांनी का दिला, तेही छबूबाईनंच सांगितलं. म्हणे मी त्यांच्या गळ्यात पडून, पोरांनी भाड्याच्या खोलीत का राहावं, आमच्या दाजींचा सावेडीचा प्लॉट मी त्यांना दिला, असं चार माणसांत बोललो. मला यातलं काही आठवत नाही. मच्छिंद्ररावांना सगळं आठवतं. आत्ताच त्यांचा निरोप आला, कुंपणाचं फाटक कोणत्या दिशेला आहे म्हणून.

ता. क. तिसरं. तो गांजा दुसऱ्या कुणासाठी लावला होता का, असं आज बाबांना विचारलं. त्यांनी, दाजी, आपलंच नाव घेतलं. मी पुन्हा खाली बसलो. मी हे कुणापाशी बोलणार नाही, अक्कापाशी तर नाहीच. साखरपुड्याला आपण प्लॉटच्या कागदासह यावं, एवढीच विनंती. पाचटाखाली ओल आहे, दांड्यांना नवी पालवी येते आहे, आणि बाबा विचारतात की दम्याचं औषध दरवर्षीइतकंच ठेवायचं, की यंदा आहेरापुरतं जास्त?