अंतिम सामन्याची तिकिटं

सान पेद्रो दे माकोरिस,
२१ जानेवारी १९९८

फाउस्तोस,

आशीर्वाद. धाकट्या भावाला द्यायचा असतो म्हणून देतेय, मनातून येत नाहीये. इकडे सगळे बरे आहेत. ऊसतोड जोरात आहे, साखर कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

शनिवारच्या बेसबॉल सामन्याची तिकिटं पोचली. चिठ्ठीही वाचली. "ताई, भाच्याला माझ्या संघाकडून पिचिंग करताना बघायला ये. जुनं विसर." विसर म्हणे! अमेरिकेत कॅचर म्हणून नाव काढलंस, इकडे परत येऊन संघाचा मॅनेजर झालास, चार करंडक आणलेस, पेपरवाले तुला जादूगार म्हणतात. त्यातला पहिला करंडक कोणाच्या जिवावर आला, हे जादूगाराला आठवत नाही?

आन्सेल्मोच्या. माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताच्या. दोनच दिवस आधी अख्खा सामनाभर चेंडू टाकून दमलेल्या माणसाला तू पुन्हा पिचिंगला उभा केलास. आज तो कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो आणि त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. त्याला तुझा राग नाही. रेडिओवर तुझं नाव आलं की आवाज वाढवतो, वेडा कुठला. त्याच्या वाटणीचा राग मलाच करावा लागतो.

तुझं उत्तर मला पाठ आहे. "ताई, मी मैदानात जाऊन विचारलं होतं त्याला, हात कसा आहे. ठणठणीत म्हणाला." अरे, मॅनेजर समोर येऊन उभा राहिला की कुठला पिचर दुसरं काही म्हणतो? आपल्या गावातली पोरं चेंडूबरोबरच हे खोटं शिकतात. तू स्वतः मोडका अंगठा पट्टीने बांधून खेळलास आणि आईला सांगितलंस, काही नाही, मुंगी चावली. आन्सेल्मो खोटं बोलतोय हे तुला कळत होतं. तुला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर विचारलंस.

माझा दानिलो, तुझा लाडका पिचर, रविवारी येऊन गेला. अंगाने भरलाय, केस बारीक कापलेत, छान दिसतो. बापासाठी बूट आणले. तुझं कौतुक सांगून सांगून त्याने माझं डोकं उठवलं. मी केलेला कच्च्या केळ्यांचा मांगू दोनदा मागून घेतला.

डाव्या हाताने खाल्ला.

मग कॉफीचा कपही त्याने डाव्याच हाताने उचलला, तेव्हा त्याला मागच्या अंगणात नेलं आणि उजव्या कोपराला नुसतं बोट लावलं. एवढा घोडा झालाय, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "आई, तुला माझी शपथ. शनिवारी अमेरिकेतल्या संघांची माणसं मला बघायला येतायत. मामाला सांगितलंस तर या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही." आन्सेल्मोला मी अजून काही बोललेले नाही. तो रोज त्याच सामन्याचं बोलतो.

इतकं तोंडसुख घेतलं ते हे लिहायचा धीर होत नव्हता म्हणून. तुझ्यापुढे कधी हात पसरणार नाही असं मी ठरवलं होतं. आज पसरतेय. शनिवारी दानिलोला उतरवू नकोस. त्याला काही विचारूही नकोस. तो हसून ठणठणीत म्हणेल, आणि तेवढं तुला पुरेल. सरळ डॉक्टरकडे ने. त्याच्यावाचून हरलास तर हर. लोक शिव्या घालतील, घालू देत. तुझी कातडी जाड आहे.

कोणी सांगितलं म्हणून तो विचारेल. लपवू नकोस, माझं नाव सांग. तो बोलतो तसंच वागतो, घरी येणं बंद करेल. मला माहीत आहे.

त्याला बसवून ठेवलंस, तर रविवारी जेवायला इकडे ये. टेबलाशी त्याची जागा रिकामीच असेल.

दानिलोची आई,
एर्सिलिया