पेपरची घडी

१५ एप्रिल, मंगळवार

तुंबलं! नेमकं कालच तुंबायचं होतं!

जयंतीसाठी रविंद्र, पल्लवी आणि प्रज्ञेश काल नांदेडहून आले. लेक, सून, नातू वर्षातून दोनदा येतात, तेही सकाळी येऊन संध्याकाळी परत. नातू जेवून न्हाणीघरातल्या बेसिनवर हात धुवायला गेला आणि नळ सोडून खेळत बसला. पाणी काठोकाठ भरून खाली सांडलं. पोरगं घसरता घसरता वाचलं. पल्लवीनं प्लास्टिकचा मग घेतला आणि बेसिनमधलं पाणी उपसून बादलीत टाकायला लागली. सव्वादोन वर्षं झाली तिला या घरातून जाऊन, पण हात अजून तसाच चालतो. मी दारात उभा होतो.

निघताना रविंद्रनं गाडीपाशी सांगितलं — त्याच्या बँकेच्या वसमत शाखेत जागा रिकामी होतेय. बदली मागायची तर पंधरा मेच्या आत अर्ज द्यायचा. नाहीतर जूनमध्ये प्रज्ञेशचं नाव नांदेडलाच पहिलीत घालायचं, मग पुढची दहा वर्षं हलणं नाही. म्हणाला, पल्लवी काय म्हणते ते बघू.

वसमत आमच्या कुरुंद्याहून अर्ध्या तासावर. म्हणजे ते इथे राहतील, या घरात. मला ते हवं आहे. वहीत लिहायला काय हरकत आहे? तोंडानं मी म्हणणार नाही.

गेले ते या बेसिनपायीच. मग हे दुरुस्त केलं तर?

१६ एप्रिल, बुधवार

उकळतं पाणी, तीन पातेली. फरक शून्य.

१९ एप्रिल, शनिवार

या घराचा एकेक पाईप मी उन्हात उभा राहून बसवून घेतलाय. निवृत्त झालो त्या हिवाळ्यात. मिस्त्रीवर सोडलं असतं तर त्यानं उतार उलटा दिला असता! तेव्हा पाईपात दोष असूच शकत नाही.

बेसिन पहिल्या दिवसापासून मंद. पहिला दिवस म्हणजे रविंद्रच्या लग्नाचा आठवडा, कारण घर त्याच सुमारास पुरं झालं. म्हणजे सून घरात आली आणि पाणी अडायला लागलं. कमरेपर्यंत केस तिचे. यात शंका ती कसली? रोज सकाळी मी तिथेच दाढी करतो, त्यामुळे पाणी कसं उतरतं हे माझ्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलेलं नाही.

तिला जाऊन दोन वर्षं झाली तरी अजून अडतंय, असं आज आमची ही, पद्मा म्हणाली. जुने केस कुठे जातील? ते कुजत नाहीत. शिकवलंय मी.

२२ एप्रिल, मंगळवार

खायचा सोडा आणि व्हिनेगर. फोनवर बघून केलं. फसफसलं छान. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरांचे ज्वालामुखी असेच फसफसायचे, आणि तिथेही पुढे काही व्हायचं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

सायकलचा पंप लावला. भोवती ओलं फडकं गुंडाळून जोर केला — सगळं काळं पाणी तोंडावर! चष्मा, शर्ट, भिंत. पद्मा हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. पदरानं माझा चष्मा पुसत म्हणाली, "पल्लवी असती तर व्हिडिओ काढला असता."

मग चष्मा माझ्या हातात देऊन आत गेली. भिंतीवरचे डाग अजून पुसलेले नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

तार घातली. हातभर गेली आणि अडकली. ओढून ओढून हात सोलला. एकदाची निघाली तर टोकाला एक केस. लांब, काळा. पद्माला नेऊन दाखवला! तिनं पाहिला आणि हळद निवडत बसली.

३० एप्रिल, बुधवार

रविंद्रचा फोन. अर्जाचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ऊन फार आहे, एवढं दोघंही दोनदा म्हणालो.

पल्लवीनं केस मानेपर्यंत कापलेत. जयंतीला पाहिलं. नांदेडला गेली त्याच महिन्यात कापले म्हणे. शहराची हवा.

३ मे, शनिवार

दुकानातली पावडर टाकली. नुसता वास. डोळे चुरचुरले, पाणी तसंच. सकाळी केलेल्या दाढीचा फेस दुपारपर्यंत तरंगत होता. अडुसष्टावं वर्ष चालू आहे, चार हजार पोरं शिकवून सोडली, आणि एक मगभर पाणी खाली जात नाही!

राहून राहून तो दिवस आठवतो. जानेवारी, दोन वर्षांमागचा. व्याही लेकीला भेटायला आले होते. सिद्धेश्वरला कालव्यावर मजूर होते, साधा माणूस. त्या सकाळी मी बेसिनच्या जाळीतून गुंतवळ काढला होता. तो पेपरवर ठेवला आणि चहाच्या वेळी त्यांच्यापुढे मांडला. म्हटलं, बघा, तुमची लेक रोज एवढं पाईपात घालते. पुरावा दाखवण्यात वाईट काय? पल्लवी चहा घेऊन तिथेच उभी होती. व्याह्यांनी कप खाली ठेवला. पेपरची घडी घातली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि आपल्या थैलीत टाकली. एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे मान्यच केलं, असं मी त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय.

आठ दिवसांत रविंद्रनं नांदेडला खोली घेतली.

व्याही मागच्या पावसाळ्यात गेले. जलदान विधीला आम्ही दोघं गेलो होतो. पल्लवी माझ्याशी बोलली नाही. दुःखात होती, मी समजून घेतलं.

७ मे, बुधवार

आज पद्मा बोलली. चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता.

"बाळंतपणानंतर केस गळतात बायाचे. माझे गळले नव्हते का? त्या पोरीला तुमी तवापासून एकेक केस मोजून दावला. ते बेसिन वाहिलं काय न् न्हाई वाहिलं काय, आपलं पोरगं न्हाई येत माघारी."

मग मी काय करू, विचारलं. ती म्हणाली, "वसरामला बोलवा. सोताच्या हातानं करायची हौस पुरी झाली असंल तर."

जेवलो नाही. खरं म्हणजे भूक होती.

१० मे, शनिवार

वसराम फिटर आला. पलीकडच्या तांड्यावरचा, चाळिशीचा माणूस, बोलणं कमी. त्याला आधीच सांगितलं — पाईप मी स्वतः उभा राहून बसवून घेतलाय, केस अडकलेत, तेवढे काढ.

त्यानं बेसिनखालची प्लास्टिकची वाटी फिरवून उघडली. आत थोडा चिखल, बाकी काही नाही. मग परसात गेला. भिंतीतून पाईप बाहेर येतो तिथे करवतीनं कापला, वाकडी सळई आत सारली आणि पाय भिंतीला लावून ओढायला लागला. काळं, बुळबुळीत काहीतरी यायला लागलं. येतच राहिलं. कापड!

बादलीत खळबळून त्यानं ते दगडावर पसरलं. "गुरुजी, प्लास्टरच्या टायमाला कोनीतरी बोळा कोंबला न् काढायचा इसरलं. लई घरात असंच निघतंय." मग कापडावरचा थर बोटानं खरवडून म्हणाला, "बाईचे केस चार-दोनच हायेत. बाकी सगळे दाढीचे खुंट."

पद्मा वाकली. लाल काठ होता. "हा तुमच्या निरोपाच्या सत्कारातला नॅपकिन हाय," म्हणाली आणि आत गेली.

वसराम पाईप जोडून गेला. बेसिनमध्ये बादलीभर पाणी ओतलं. गेलं, सगळंच्या सगळं, क्षणात. मला तिथे उभं राहवेना.

११ मे, रविवार

विहारात गेलो नाही. जुन्या वह्या काढल्या. सापडलं. ४ डिसेंबर २०१६, माझंच अक्षर:

"बेसिनच्या पाईपचं तोंड उघडंच! प्लास्टर आत पडेल. मिस्त्रीला काळजी नाही, मलाच बघावं लागतं. हाताशी नॅपकिन होता तो कोंबला. उद्या आठवणीनं काढणे."

दुसऱ्या दिवशीचं पान: "सिद्धेश्वरला मुलगी बघायला गेलो. नाव पल्लवी. बी.ए. झालेली. केस कमरेपर्यंत. सगळ्यांना पसंत."

तिलाच बघायला गेलो आणि बोळा विसरलो. वही तशीच मांडीवर घेऊन बसलो. लाज वाटते. हा शब्द मी पोरांना उद्देशून हजारदा वापरला असेल, स्वतःसाठी आज पहिल्यांदा लिहितोय.

१२ मे, सोमवार

पौर्णिमा. पद्मानं खीर केली. ते येणार नव्हतेच. तरी दुपारपर्यंत रस्त्याकडे पाहिलं.

उद्या फोन करायचा. पल्लवीलाच. चूक माझी होती, बेसिन आता वाहतंय, या — एवढंच म्हणायचं. अर्जाला अजून तीन दिवस आहेत. ऐकेल ती. समजूतदार आहे, हे मी कधी बोललो नाही, पण आहे.

१३ मे, मंगळवार

फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, केसांनी न्हाई अडत, ते मला ठाव व्हतं. तुमी विहारात गेल्यावर दर रविवारी मी ती वाटी खोलून धुवायचे. त्यात काहीच नसायचं. तुमाला सांगून काय, पाईप तुमी सोता उभं राहून बसवला व्हता."

मी म्हटलं, मग या आता माघारी.

"आमी बेसिनपायी गेलोच नव्हतो. आबा गेल्यावर त्यांची पेटी उघडली, त्यात तुमचा तो पेपर व्हता. तशीच घडी. लेकीचे केस फेकायचे कसे, म्हणून ठेवले त्यांनी."

तिनं फोन ठेवला नाही. थांबली होती, मी काही बोलेन म्हणून. मीच ठेवला.