मुक्ताचा हसरा चेहरा

लातूर, मंगळवार, संध्याकाळी दवाखान्यात

सोडणार न्हाई मी ताईंना.

केमो झाल्यापासून माझ्या मुक्तानं रोज मोबाइलवर, दवाखान्याच्या ॲपमध्ये, चेहरा दाबायचा. दुखत नसेल तर हसरा, दुखलं तर रडका. रडका दाबला की दवाखान्यातून सिस्टरचा मला फोन येतो. आठवडाभर पोरगी हसराच दाबत राहिली, आणि मी खुळी खूश! आज तोंड आतून सगळं सोललेलं, पाणी गिळवेना, तरी बोट हसऱ्यावरच.

"खोटं का दाबतीस गं?"

"आत्या म्हनली, रडका दाबला की घरात पळापळ होती. दादाचा अभ्यास बुडतो."

दादा म्हणजे नणंदेचा, ताईंचा पोरगा. मेडिकलच्या क्लाससाठी मायलेक लोह्याहून येऊन आमच्याकडंच राहतात. "लई नाजूक वर्ष हाय त्याचं," ताई सारखं म्हणतात. आणि माझ्या लेकीचं?

ॲपमध्ये माझ्या जागी ताईंचा नंबर टाकला. मुक्ताला म्हटलं, आता खरं दाब.

लगेच ताईंचा फोन वाजला, पोराच्या पुस्तकांवर ठेवलेला. सिस्टर विचारत होत्या, कधीपासून दुखतंय? ताईंनी फोन माझ्यापुढं धरला.

"सांगा की ताई, लेकरू आठवडाभर हसतंय म्हणून."

आता मुक्ताला सलाईन लागलंय. सिस्टरनं विचारलं, नंबर पुन्हा तुमचा टाकू का? म्हटलं, माझा टाका, पण त्यांचाही राहू द्या. त्या पोराच्या परीक्षेदिवशीसुद्धा वाजू दे.