बाबांचा नंबर

प्रिय ठकू,

सगळं शहर तुला महापौरबाई म्हणतं, पण माझ्या हातून दुसरं नाव लिहिलं जात नाही, चालवून घे. फोनवर तू घाईत असतेस आणि मला लगेच रडू फुटतं, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यातली तुझी मुलाखत आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिली. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमचे वडीलही नगरसेवक होते. त्यांच्याकडून काय शिकलात?" तू चटकन म्हणालीस, "काय करायचं नाही, ते." लोक हसले, टाळ्या पडल्या. बाबांनी मात्र आवाज वाढवून शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "उत्तर बरोबर दिलं पोरीने. मी असतो तर गोलगोल बोललो असतो." आणि दोरीवरचे कपडे काढायला गेले. ओल्याच कपड्यांच्या घड्या करून कपाटात ठेवल्या, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तू चूक बोललीस असं मी म्हणणार नाही. त्यांचा कारभार मी घरात बसून पाहिलाय. पुढच्या खोलीत सकाळपासून माणसं बसलेली असायची. कोणाला शाळेत प्रवेश हवा, कोणाला नळ, कोणाच्या भाच्याला नोकरी. बाबा फोन फिरवायचे आणि काम व्हायचं. ज्याचं काम झालं तो हात जोडून जायचा. ज्याचा नंबर हुकला तो आपल्या दारात कधी आलाच नाही, त्यामुळे बाबांना तो कधी दिसलाही नाही. पुढे रस्त्याच्या ठेकेदाराने आपल्या स्वयंपाकघरात फुकट फरशी बसवून दिली, ते पेपरात आलं, चौकशी झाली, पद गेलं. शाळेत तुला 'फरशी' म्हणून चिडवायचे. तू स्वयंपाकघरात चपला घालून यायला लागलीस, त्या फरशीला पाय लागू नये म्हणून. बाबा जेवताना तुझ्या चपलांकडे बघायचे आणि ताटात मान घालायचे.

निवडून आल्याबरोबर तू तुझ्या चुलतभावाची पालिकेतली नेमणूक रद्द केलीस, तेव्हा काका घरी येऊन तावातावाने भांडले. मला वाटलं, बाबा भावाची बाजू घेणार. "तिला फोन करायची माझी हिंमत नाही," एवढंच म्हणाले, आणि काका गेल्यावर गालातल्या गालात हसत बसले.

त्या मुलाखतीनंतर थोड्याच दिवसांनी त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. पालिकेच्या रुग्णालयात तपासलं. हृदयाची एक झडप निकामी झालीये, ऑपरेशन करावं लागणार, आणि फार थांबूनही चालणार नाही. भरती झाले, यादीत नाव लागलं. तुझं नातं त्यांनी कुठेच सांगितलं नाही, मलाही डोळ्यांनी दटावलं. पण मोठ्या डॉक्टरांनी फेरीवर असताना चेहरा ओळखला. "अहो, आधी सांगायचं नाही का? उद्याच घेऊ तुम्हाला." माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी विचारलं, "उद्या कोणाचा नंबर आहे?" पलीकडच्या खाटेवरच्या बसड्रायव्हरचा होता. त्याची बायको त्याची नखं कापत बसली होती. बाबा तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यालाच घ्या."

मी त्यांच्याशी तिथेच भांडले, ठकू. आजूबाजूचे पेशंट बघत होते तरी भांडले. "जन्मभर लोकांच्या रांगा मोडल्यात, आणि आता स्वतःच्या जिवावर बेतलंय तर शहाणपण सुचतंय?" ते म्हणाले, "हे रुग्णालय तिच्या हाताखाली येतं. उद्या कोणी विचारलं तर तिची मान खाली जायला नको." मी म्हटलं, "आणि माझं ऑपरेशन असतं तर?" त्यांनी जरा विचार केला. "तुझ्यासाठी फोन केला असता. खोटं कशाला बोलू?" मला हसावं की रडावं कळेना. असा आहे हा माणूस. तुझ्याएवढा सरळ तो कधी नव्हता, आजही नाही. पण जेवढा झालाय तेवढा तुझ्याकडे बघून झालाय, आणि ते तुला माझ्याशिवाय कोण सांगणार?

ड्रायव्हर आता उठून बसतो, बायकोवर खेकसतोसुद्धा. बाबांचा नंबर गुरुवारी सकाळी आहे. थांबल्यामुळे धोका थोडा वाढलाय, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "कळलं तर तिला फोन करावासा वाटेल, आणि नाही केला तर मनाला खात राहील." म्हणून तारीख पक्की होईपर्यंत मी गप्प राहिले. आता यादी लागली, कोणाच्या शब्दाने काही पुढेमागे व्हायचं नाही. तेव्हा शपथ मोडतेय. कोणाला फोन करू नकोस, ठकू. फक्त ये. त्यांना आत नेण्याआधी तू दिसायला हवीस. काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली,
आई